तिसऱ्या कडव्याचा दम

दातांचा डॉक्टर महिनाभर गाडी शिकत होता आणि त्याच्या शेजारी बसून ताई महिनाभर दातओठ खात होती. लोकांच्या तोंडात नाजूक हत्यारं चालवणारा हा माणूस क्लच मात्र असा सोडायचा, की गाडी बेडकासारखी उडी मारायची. ताई चिडायची, ओरडायची, पण शिकवायची. त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिच्याइतकं कडक कुणी नव्हतं आणि तिच्याकडे शिकलेला माणूस सहसा नापास होत नसे. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तेवीस वर्षं ताईचा उजवा पाय त्या ब्रेकवर होता.

त्या दिवशी रेडिओवर 'लोखंड' लागलं. डॉक्टरानं आवाज वाढवला. त्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि एकटे ड्रम वाजतात. लहान ड्रमपासून मोठ्यापर्यंत गडगडत खाली येणारा तो रोल, जिन्यावरून रिकामं पिंप सोडल्यासारखा. तो आला आणि डॉक्टरानं चालत्या गाडीत दोन्ही हात सोडून हवेत तो वाजवला.

ताईनं ब्रेक दाबला. मागच्या टेम्पोवाल्यानं दोघांच्या खानदानाचा उद्धार केला.

"हात!" ताई ओरडली. "हात कुठे होते तुमचे?"

"सॉरी, मॅडम. पण हा रोल आला की राहवतच नाही हो. कॉलेजात आम्ही बाकं फोडलीत यावर." मग तो जरा वळून म्हणाला, "ऑफिसात सांगत होते, 'सुरुंग' बँडच्या ड्रमवर तुम्ही होतात म्हणून. हे तुम्हीच वाजवलंय ना?"

"नाही," ताई म्हणाली. "मी नाही. पहिला गिअर टाका."

डॉक्टराला वाटलं, बाई विनयशील आहेत. विनय आणि ताई यांचा सुतराम संबंध नव्हता. ती फक्त खरं बोलली होती.

*

'सुरुंग' सुरू झाला तेव्हा ताई बावीस वर्षांची होती आणि धाकटा एकोणीसचा. तालमीला जागा मिळाली ती बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात. भिंती हातभर जाड, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार नाही, पण हिवाळ्यात गिटारच्या तारांना हात लावला की बोटं बधिर. गिटार वाजवायचा काडी. अंगानं काडी होताच, आणि लोकांत काड्या घालायची हौसही दांडगी. बेसवर मौनी. तो दिवसाला दहा वाक्यं बोलला तर आम्ही जिंकलो, असं धाकटा म्हणायचा. धाकटा गायचा. गायचा म्हणजे काय, किंचाळायचा, पण त्या किंचाळण्यात असं काही होतं की ऐकणारा त्यात ओढला जायचा. ताईसुद्धा. तिनं ते त्याला कधी सांगितलं नाही. घरच्या माणसाची स्तुती करायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

ड्रमसेट एका शाळेनं मोडीत काढलेला होता. कुणीतरी तो चोरीला जाऊ नये म्हणून लाकडी फळीवर बोल्ट मारून कायमचा बसवून टाकला होता. उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेला. ताई डावखुरी. बोल्ट गंजून घट्ट झालेले, सेट फिरवता येईना. मग तिनं स्वतःलाच फिरवलं. तिचा डावा हात पुढे धावायचा, त्यामुळे तिचे रोल मोठ्या ड्रमवरून निघून लहानाकडे जायचे. सगळ्या जगाचे रोल खाली उतरायचे, ताईचे वर चढायचे. आणि चढताना ती वेग घ्यायची. काडी हसून म्हणायचा, "बाईंच्या मागे कुत्रं लागलं बघा." पण मागे लागलेला तोच असायचा, आणि मजा त्यालाच यायची.

दोन वर्षांत नाव झालं. आधी कॉलेजांची मैदानं, मग मोठी सभागृहं, मग एका रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं. तीन दिवस स्टुडिओत 'लोखंड' वाजवलं. तिसऱ्या दिवशी ताई निघाली, कारण चौथ्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि धाकट्याला गाऊन संपवायचं होतं. दवाखान्यात एकच मूल बसू शकत होतं तर ते ताईच असणार, यावर घरात कधी चर्चा होत नसे. लहानपणी शाळेत जाताना आई रोज दारातून ओरडायची, "त्याला मागे टाकू नकोस गं!" ताई पावलं आवरायची. धाकटा कोपऱ्याकोपऱ्यावर दगड वेचत यायचा आणि दोघांना उशीर झाला की छडी ताईला बसायची.

रेकॉर्ड आली. ताईनं ऐकली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. गाणं धिमं होतं. जड होतं, रुबाबदार होतं, पण धिमं होतं. आणि मधला रोल वरून खाली येत होता.

"हे मी असं नाही वाजवलं," ती म्हणाली.

"टेप कापून जोडतात, ताई," धाकटा म्हणाला. "ठोके तुझेच आहेत. क्रम तेवढा मागेपुढे झाला. कंपनीवाल्यांना असं बरं वाटलं."

"आणि वेग?"

"मशीनवर कमी करतात."

ताईला मशीनमधलं काय कळत होतं? भावाच्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला. गाणं जिकडेतिकडे वाजायला लागलं, लोकांना तोच रोल हवा झाला, तेव्हा ताई तो शिकायला बसली. उशीवर, मांडीवर, ताटावर. तीन आठवडे लागले. हात एकमेकांत अडकायचे, मनगटं सुजली. स्वतःचाच रोल स्वतःला जमेना म्हणून ती रडलीसुद्धा. तिच्या हातांना तेव्हाच कळलं होतं की हे आपलं नाही. मालकिणीनं हातांचं ऐकलं नाही.

दोन वर्षं ती तो रोल वाजवत होती. मग एका कार्यक्रमाआधी, वाद्यं जुळवताना, एक टकला म्हातारा स्टेजजवळ आला. साधा, हसतमुख माणूस. म्हणाला, "बाई, माझा रोल तुम्ही फार छान उचललात हं. ऐकून बरं वाटलं."

"तुमचा?"

"स्टुडिओत मीच नव्हतो का वाजवायला? दोन दिवस होतो. तुम्ही आजारी होतात म्हणे." तिचा चेहरा पाहून म्हातारा चपापला. "म्हणजे… तुम्हाला सांगितलं असेलच."

ताईनं धाकट्याकडे पाहिलं. त्यानं माइकची वायर गुंडाळायला घेतली. काडीनं गिटारमध्ये डोकं घातलं. मौनी तर मौनीच. तिघांनाही माहीत होतं. दोन वर्षं हे तिघं तिच्यासोबत एका गाडीतून फिरले, एका डब्यातलं जेवले, आणि ती परक्या माणसाची नक्कल करत होती ते बघत बसले.

"कंपनीनं सांगितलं, ताई," धाकटा म्हणाला. "तू पळतेस म्हणाले. वेग सांभाळता येत नाही म्हणाले. मी काय करणार? तुला वाईट वाटू नये म्हणून…"

"मला वाईट वाटू नये म्हणून," ताई म्हणाली. तिनं काठ्या त्या म्हाताऱ्याच्या हातात दिल्या. "घ्या. लोक तुम्हालाच ऐकायला आलेत."

ती गेली आणि बँडही मोडला. पण वेग सांभाळता येत नाही, हे मात्र तिच्या मनात घर करून बसलं. माणूस कशावर जगतो पाहा. ती ब्रेकच्या धंद्यात गेली.

*

डॉक्टरानं भर रस्त्यात हात सोडले त्याच आठवड्यात धाकटा आला. सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, केस मात्र काळेभोर, कलपाच्या बाटलीतले. तो आता लोकांना श्वास कसा घ्यावा ते शिकवायचा. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सतरंज्या टाकून त्याचे वर्ग चालत. माणसं जन्मल्यापासून फुकट करतात ती गोष्ट शिकवून धाकट्याचं बरं चाललं होतं.

आई खुर्चीत बसली होती. दोन पोरांना एका खोलीत पाहून तिनं लगेच एकाची बाजू घेतली. "लहान आहे तो. ऐकून तरी घे."

"सत्तेचाळीसचा आहे, आई."

"तुझ्याहून लहानच ना?"

एका मोठ्या मैदानावर जुन्या बँडचा दिवस ठेवला होता. पाच हजार माणसं. आयोजकांना 'सुरुंग' हवा होता, पण चौघंच्या चौघं, नाहीतर नको.

"मी येईन," ताई म्हणाली. धाकट्याचा चेहरा उजळला. "पण 'लोखंड'च्या आधी तू माइकवर सांगायचं. रेकॉर्डवर ताई नाही, दुसरा माणूस आहे, आणि आम्ही ते तिच्यापासून लपवलं. एवढंच. मला हार नको, तुरे नकोत. पंचवीस वर्षं लोक मला दुसऱ्याच्या कामाची शाबासकी देतायत. तुला ठाऊक आहे ते कसं वाटतं? कुणी छान म्हणालं की कानाखाली वाजवल्यासारखं वाटतं."

"सांगेन," धाकटा म्हणाला.

"आईच्या डोक्यावर हात ठेव."

त्यानं ठेवला. आई म्हणाली, "माझे केस विस्कटू नका."

तालमीला एका फर्निचरच्या गोदामात जागा मिळाली. काडी आता श्रवणयंत्रं विकायचा. "आधी लोकांना बहिरं केलं, आता त्यांना मशीन विकतो," असं स्वतःच सांगून हसायचा, पण ताईच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. मौनी पोस्टात पत्रं वेगळी करायचा. तिथे बोलावं लागत नाही. ताईनं रेकॉर्डच्याच वेगानं वाजवलं. उतरता रोलही वाजवला, जसाच्या तसा. दर वेळी तो संपला की तिला थुंकावंसं वाटायचं. धाकटा अंगठा वर करायचा. "अगदी रेकॉर्डसारखं, ताई!" म्हणायचा. याला अक्कल द्यायला देव विसरला की यानं ती नाकारली, हे तिला कळेना.

शेवटच्या तालमीनंतर धाकटा आणि काडी सामान गाडीत भरायला बाहेर गेले. गोदामात प्लास्टिक गुंडाळलेल्या सोफ्यांच्या मध्ये ताई आणि मौनी उरले. मौनी बेस पुसत होता. पुसतापुसता, मान खालीच ठेवून म्हणाला, "तू पळत नव्हतीस."

"काय?"

"त्याला दम पुरत नव्हता. तिसऱ्या कडव्यात. तुझ्या वेगावर शब्द तोंडात बसायचे नाहीत. तीन दिवस प्रत्येक वेळी तिथंच अडकला." तो थांबला. एवढं तो एका दमात कधी बोलला नव्हता. "कंपनीवाल्याला तुझा वेग आवडला होता. गाणं धिमं करा, हे यानं सांगितलं. तू ऐकणार नाहीस म्हणून तू नसताना."

ताईच्या हातातली काठी तशीच राहिली. कंपनी नाही. मशीन नाही. तेवीस वर्षं ती रात्री उशीला टेकली की एकच गोष्ट मनात फिरायची, आपल्याला वेग सांभाळता येत नाही. ती चालताना पावलं मोजायची. जेवताना घास मोजायची. स्वयंपाकघरात चमचासुद्धा कुठे बोटांनी वाजवला नाही तिनं. आणि हे सगळं कशासाठी, तर याचा दम पुरत नव्हता म्हणून!

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं."

"हो."

"आणि बोलला नाहीस."

"नाही."

तिनं काठी फेकून मारली. ती मौनीच्या खांद्याला लागून सोफ्यावर पडली. मौनीनं ती उचलली, तिच्याजवळ आणून दिली आणि उभा राहिला. दुसरी मारणार असलीस तर मार, अशा बेतानं. ताईनं मारली नाही. बाहेरून धाकट्याची हाक आली, "ताई, चल, सोडतो तुला घरी!" आणि ती त्याच्या गाडीत, त्याच्या शेजारी बसून घरी गेली. वाटेत तिचा उजवा पाय मोकळ्या जमिनीवर ब्रेक दाबत होता.

तेव्हाच भांडता आलं असतं. पण तिला पाहायचं होतं. शपथ घेतलेला माणूस माइक हातात आल्यावर काय करतो, ते तिला तिच्या जागेवरून पाहायचं होतं.

*

मैदान दुपारपासून भरत आलं होतं. टकली, चष्मे, सुटलेली पोटं, आणि पोटांवर ताणून बसवलेले 'सुरुंग'चे काळे टी-शर्ट. दातांचा डॉक्टर पुढच्या कठड्याला चिकटून उभा होता. तो गाडी चालवत आला नव्हता ना, एवढीच ताईला धास्ती. आईला बाजूच्या खुर्चीत बसवलं होतं, कानात कापूस घालून.

पाच वाजता सुरुवात झाली. चार गाणी झाली. ताईनं चारही नीट वाजवली. मग काडीनं गिटार खाली केली, लोकांनी ओळखलं आणि मैदानातून एकच आवाज उठला, "लोखंड! लोखंड!"

धाकटा माइकजवळ गेला. त्यानं हात वर केला. मैदान शांत झालं. ताईनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि त्याच्या पाठीकडे पाहत बसली. बोल. एवढं एक बोल आणि मी तुला तो दुसरा, खरा गुन्हाही माफ करते. खरंच करते.

"मित्रांनो," धाकटा म्हणाला, "या गाण्याआधी मला माझ्या ताईबद्दल काहीतरी सांगायचंय."

ताई पुढे झुकली. त्याही क्षणी, सगळं माहीत असून.

"तुम्ही पंचवीस वर्षं जो रोल हवेत वाजवताय ना," तो म्हणाला, आणि आवाजात हुंदका आणला, "तो या हातांनी जन्माला घातला. माझ्या ताईच्या हातांनी!"

पाच हजार माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. डॉक्टर तर उड्या मारत होता. धाकटा मागे वळला आणि डोळ्यांनी म्हणाला, समजून घे. तेच डोळे. कोपऱ्यावर दगड वेचणारे.

ताईला राग आला, असं म्हणणं म्हणजे वणव्याला ऊब म्हणणं. तिचे कान तापले, हात मात्र एकदम शांत झाले. असे शांत ते त्या बर्फाच्या कारखान्यानंतर कधी झाले नव्हते. गाणं सुरू करायचं ते ड्रमवालीनं, काठीवर काठी आपटून, चार मोजून. ती जो वेग मोजेल तोच सगळ्यांना धरावा लागतो. तिथे कंपनी चालत नाही, मशीन चालत नाही.

तिनं चार मोजले. तिच्या वेगानं.

काडी दचकला, पण बोटं जुनीच होती, त्यांनी उडी घेतली. मौनी पहिल्या ठोक्यापासून तिच्यासोबत होता. त्याला माहीतच होतं. लोकांना क्षणभर कळेना की ही कुठली गाडी सुटली, मग कळलं, आणि मैदान उसळलं. धाकट्यानं पहिलं कडवं कसंबसं पकडलं. दुसऱ्यात त्याचे शब्द अर्धे गिळले जाऊ लागले. मग गाणं थांबलं, रोलची जागा आली, आणि पाच हजार माणसांचे हात सवयीनं हवेत वरून खाली उतरायला निघाले. ताई मोठ्या ड्रमवरून निघाली, डाव्या हातानं, आणि वर चढत गेली. हात एकीकडे, रोल दुसरीकडे. डॉक्टराचे हात हवेतच राहिले. तोंड मात्र असं उघडलं, की आता त्याचे दात दुसऱ्या कुणी तपासावेत.

तिसरं कडवं आलं. पहिल्या ओळीला धाकट्याचा आवाज फाटला. दुसऱ्या ओळीला त्यानं मागे हात केला, तळवा खाली, हळू, हळू. ती खूण ताई शाळेच्या वाटेपासून ओळखत होती. बाजूच्या खुर्चीत आई अर्धवट उठली होती आणि तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणतेय हे समजायला ऐकण्याची गरज नव्हती.

ताई थांबली नाही.

धाकटा गुडघ्यांवर हात टेकून वाकला. माइक त्याच्या हातात लोंबत होता. पुढचे शब्द मैदानानं गायले, पाच हजार माणसांनी, तिच्या वेगावर, एकही शब्द न गाळता. शेवटचा ठोका पडला आणि जो ओरडा उठला तो तिचा होता. पहिल्यांदा तिचा.

धाकट्यानं माइक तोंडाशी नेला. स्पीकरमधून आधी नुसती धाप ऐकू आली. खोटं बोलायलाही थोडा दम लागतो, आणि त्याच्याकडे तो उरला नव्हता.

"रेकॉर्डवर… ताई नाही," तो म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गडी दमलाय आणि गंमत करतोय.

ड्रमवालीसमोर बोलायचा माइक नसतो. तो कधीच नव्हता. "पुन्हा सांग," ताई म्हणाली. लोकांना ऐकू गेलं नाही. धाकट्याला गेलं.

"रेकॉर्डवर ताई नाही," तो म्हणाला. आता कुणी हसलं नाही. "दुसरा माणूस आहे. मला या वेगात गाता येत नव्हतं म्हणून मी तिला काढलं. आणि पळतेस म्हणून तिच्यावरच ढकललं." त्यानं श्वास घ्यायचा प्रयत्न केला. "ती पळत नव्हती. मी मागे पडत होतो."

कुणी टाळी वाजवली नाही, कुणाला काय करावं ते सुचेना. काडी स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. मौनी ताईकडे पाहत होता. धाकटा वळला, त्याचं तोंड ओलं होतं, घामानं की कशानं कोण जाणे. त्यानं एक बोट वर केलं. एक मिनिट, ताई. एक मिनिट थांब.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मग काठ्या उचलल्या आणि पुढच्या गाण्याचे चार मोजायला सुरुवात केली.